अबोल्याची तार

कंपनीत त्या काळी दोन पंथ होते, आणि दोन्ही पंथांना आपापला देव एकाच तारेत दिसत असे. तार साधी टेलिफोनची. तांब्याच्या दोन बारीक तारा, एकमेकींभोवती पीळ देऊन घरोघरी पोचवलेल्या. टाकली तेव्हा तिच्यातून माणसाचा आवाज गेला म्हणजे झालं, एवढीच टाकणाऱ्यांची अपेक्षा होती. आता त्याच तारेतून चित्रं, सिनेमे, सगळं जग भरधाव न्यायचं होतं. ते कसं न्यायचं, यावरून एका मजल्यावर बसणारी चांगली शिकलीसवरलेली माणसं एकमेकांची तोंडं पाहीनाशी झाली होती.

पहिला पंथ अखंडवाल्यांचा. त्यांचं म्हणणं असं की, तारेत जेवढी वाट आहे तेवढी सलग वापरावी, सगळा माल एका मोठ्या ट्रकात भरावा आणि एका दमात सोडावा. यंत्र सुटसुटीत, तापत नाही, उशीर करत नाही. दुसरा पंथ म्हणे, ट्रक हवाय कशाला? वाटेच्या हजार अरुंद पट्ट्या पाडा आणि प्रत्येक पट्टीवर एक हातगाडी सोडा. जिथे वाट चांगली तिथे गाडी गच्च भरा, जिथे खड्डा असेल तिथे रिकामी ठेवा. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालत होत्या. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसणार होती एकाच प्रकारची यंत्रं, आणि एकदा ती बसली की दुसऱ्या पंथाच्या लोकांनी आपली पुस्तकं गुंडाळून ठेवायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अखंडवाल्यांची पुढारी एक बाई होती. तिला अख्खा मजला अखंडताई म्हणायचा, आधी मागे आणि मग तोंडावरही. उमेदीची सगळी वर्षं तिने त्या एका यंत्रावर घातली होती. तिच्या घरच्यांना त्याचा आवाज पाठ होता. सुट्टीच्या दिवशी ती गप्प बसली की तिची मुलगी विचारायची, "आज ट्रक कुठे अडकला?"

दुसऱ्या पंथाचा पुढारी एके काळी तिच्याच टेबलाला टेबल लावून बसायचा. दोघांत एक डबा, दोघांत एक सोल्डरिंगची कांडी, चहासुद्धा एका कपातला अर्धा-अर्धा. मग त्याला पट्ट्यांचं वेड लागलं. मोठ्या साहेबांसमोरच्या बैठकीत त्याने आपली हजार पट्ट्यांची कल्पना मांडली, तेव्हा ताई सहज बोलून गेली, "म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या." सगळी खोली हसली. ताईही हसली. तो तेवढा हसला नाही. त्या दिवसापासून त्याच्या पंथाचं नाव चिंधीवाले पडलं आणि त्याचं चिंधीदादा. तो एवढंच म्हणाला, "सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही." दुसऱ्या दिवशी त्याने टेबल ओढत खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं आणि मधे पत्र्याचं एक मोठं कपाट आडवं लावलं.

तेव्हापासून त्यांचा अबोला. भांडण सोपं असतं, आरडाओरडा झाला की संपतं. अबोला मात्र पाळावा लागतो आणि तो पाळणं हे कष्टाचं काम आहे. त्याचं स्वतःचं व्याकरण असतं. अगदीच अडलं तर भिंतीशी बोलायचं, मांजराशी बोलायचं, समोर काहीच नसेल तर स्वतःशी पुटपुटायचं, आणि ज्याने ऐकायचं त्याने ऐकून घ्यायचं. नाव घ्यायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. हे दोघे तर त्यात इतके मुरले होते की नव्याने आलेल्यांना वाटायचं, ह्यांची कधी ओळखच झालेली नाही.

शेवटी साहेबांनी फैसला तारेवर सोडला. एक्स्चेंजच्या आसपासची काही घरं निवडली. प्रत्येक घरात एक आठवडा अखंडवाल्यांचा मोडेम, एक आठवडा चिंधीवाल्यांचा, आळीपाळीने. तारेत बिघाड सापडला तर ज्याला सापडला त्याने तो काढून टाकावा, असा नियम होता, आणि तो दोघांनाही मान्य होता. बहुतेक घरांत कधी हा पुढे, कधी तो. चढाओढ अशी की कुणालाच छाती पुढे काढता येईना. आणि घोडं पेंड खात होतं ते नेमकं एकाच घरात.

त्या घराला दारं दोन होती. मुळात घर एकच, दोन भावांचं. वाटण्या झाल्या तेव्हा बैठकीच्या खोलीच्या बरोबर मधून भिंत घातली. ती भिंत जाऊन भिडली खिडकीला, त्यामुळे खिडकीचं एक दार अलीकडच्यांना आणि एक पलीकडच्यांना गेलं होतं. खिडकीबाहेरचा कट्टा मात्र सलग राहिला. दोन्ही भाऊ आता नव्हते, त्यांच्या बायका होत्या. अलीकडे थोरल्या काकू. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या, आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा. पलीकडे धाकट्या काकू, त्यांना कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. चाचणीसाठी नाव दिलं होतं थोरल्या काकूंनी. त्यांची एकुलती एक लेक फार दूर राहायची, आणि तिचा चेहरा पडद्यावर दिसेल असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

ह्या घरात ताईचा मोडेम सकाळी कसाबसा चालायचा, धापा टाकत. आणि दुपारी काकू लेकीला फोन करायला बसल्या की सपशेल मान टाकायचा. फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर चालतात, त्यांची भांडणं होऊ नयेत म्हणून फोनच्या आधी एक छोटा फिल्टर लावतात. तो ताईने स्वतःच्या हाताने लावला होता. बिघडला असेल म्हणून दुसरा लावला. सॉकेट बदललं. फोन बदलला. एकदा तर काकूंचा फोन होईपर्यंत शेजारी बसून राहिली. काकूंनी नंबर फिरवला तरी मोडेम हूं की चूं करत नव्हता. पण काकूंनी लेकीला "हं, बोल" म्हटलं की इकडे हिरवा दिवा गेलाच.

त्या दिवशी काकूंचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं, आणि ते तिला जरा चमत्कारिकच वाटलं. समुद्रापलीकडे राहणाऱ्या मुलीला काकू सविस्तर सांगत होत्या की नळ दुरुस्त करणारा मंगळवारी येतोय, पलीकडच्यांचाही नळ गळतो आहे, त्यांनी दार उघडं ठेवलं तर तो तिकडेही जाईल. मग म्हणाल्या, गुडघा पुन्हा धरलाय, ते निळ्या झाकणाचं मलम कुठे मिळत नाही. लेक तरी तिथून काय मलम पाठवणार? म्हाताऱ्या माणसांना बोलायला विषय लागतो, असं म्हणून ताईने ते सोडून दिलं. ती दिव्याकडे बघत होती.

पुढच्या आठवड्यात पाळी चिंधीवाल्यांची. ताईने कान टवकारून ठेवले होते. कळलं ते असं की त्याचा मोडेम त्या घरात पडत नाही. दुपारी मंदावतो, पण पडत नाही. तिला राग आला, आणि रागाच्या खालून कुतूहल वर आलं. राग तिला आवरता यायचा, कुतूहल मात्र लहानपणापासून कधीच आवरलं नव्हतं.

चिंधीदादाच्या यंत्राची एक खोड होती. बोलायला लागण्याआधी ते तारेला एकेका पट्टीबद्दल विचारायचं: इथे किती झेपेल? इथे? आणि इथे? सगळी उत्तरं मिळाली की त्यांचा आलेख काढायचं. ते आलेख त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर टाचलेले असत. एके दिवशी सगळे जेवायला गेले, तेव्हा ताई कपाटाला वळसा घालून पलीकडे गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तिला चोरी केल्यासारखं वाटलं, पण पाय थांबले नाहीत.

त्या घराचे आलेख ओळीने लावले होते. डावीकडून डोंगरासारखी उतरत आलेली रेघ, आणि मधेच एक खोल खड्डा. सगळ्या कागदांवर, अगदी त्याच जागी. दुपारी काढलेल्या कागदांवर तर खड्ड्याच्या कडाही ढासळल्या होत्या. तिच्या यंत्राला हे कधी दिसलंच नव्हतं. ते वेगाचा एक आकडा सांगायचं आणि एक दिवा लावायचं. पुढे रस्ता आहे असं धरून चालायचं आणि खड्ड्यात गेलं की पडायचं. एवढ्या वर्षांत आपण तारेला काही विचारलंच नाही, हे तिच्या मनात आलं आणि तिला ते लागलं.

मागे पावलं वाजली. चिंधीदादा हात धुऊन परत आला होता, पुसायला रुमाल शोधत दारातच थांबला. पळून जायला वाट नव्हती. ताईने मान वळवली ती कपाटाकडे.

"एखाद्या आलेखात रोज त्याच जागी खड्डा पडत असेल, तर तो कशाने पडतो, हे कुणाला ठाऊक असेल का?"

कपाट पत्र्याचं, ते काय बोलणार. चिंधीदादाने सावकाश हात पुसले, रुमालाची घडी घातली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"कपाटाला सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "असा खड्डा फांदीमुळे पडतो. मुख्य तारेला कुठेतरी दुसरी तार जोडलेली असते. लाट तिच्यात शिरते, टोकाला आपटून परत येते, आणि एका ठरावीक पट्टीत जाणाऱ्या लाटेला ही परतलेली लाट खाऊन टाकते. खड्डा कुठे पडलाय त्यावरून फांदी किती लांब ते काढता येतं."

"किती लांब?" ताईने कपाटाला विचारलं.

त्याने फूटपट्टी घेतली, कागदावर मोजलं, कोपऱ्यात हिशेब केला. मग जरा घुटमळला.

"साधारण ह्या टेबलापासून त्या पलीकडच्या टेबलापर्यंत," तो खिडकीला म्हणाला. "कपाटाला वळसा घालून."

ताईने मान हलवली आणि आपल्या जागेवर गेली. त्या दुपारी दोघांनीही काही काम केलं नाही.

तिची पाळी आली तेव्हा ती मोडेम घेऊन त्या घरी गेली, आणि बरोबर तार कापायचा कटरही घेतला. फांदी म्हणजे बिघाड, आणि बिघाड सापडला तर काढायचा. फांदी गेली की खड्डा बुजणार, रस्ता सपाट होणार, आणि सपाट रस्त्यावर तिच्या ट्रकाच्या पुढे कुणी नव्हतं. एवढं एक घर हाती आलं की पारडं तिच्या बाजूला झुकणार होतं. वाटेत तिने हा हिशेब पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी उत्तर गोडच आलं.

काकूंच्या बैठकीत भिंतीलगत नकाशांच्या पुस्तकांचं एक शेल्फ होतं. ते सरकवल्यावर खाली टेलिफोनची जुनी गोल डबी दिसली, वरून रंग फासलेली. तिच्यातून एक तार काकूंच्या फोनकडे गेली होती, आणि दुसरी सरळ भिंतीत. ताईने गुडघे टेकून वाकून पाहिलं. भिंत बांधणाऱ्याने तार विटांत चिणली नव्हती. तिच्यासाठी नळीचा एक तुकडा घालून भोक राखलं होतं, म्हणजे तार दबू नये, घासू नये. गवंडी आपल्या मनाने अशी काळजी घेत नसतो. त्याला कुणीतरी तसं सांगितलेलं होतं.

तिने वर पाहिलं. थोरल्या काकू हात बांधून उभ्या होत्या.

ताईने जमेल तेवढ्या सौम्य शब्दांत सांगितलं की ही जादा तार आहे, तिच्यामुळे सगळा घोळ होतोय, आणि ती काढावी लागेल. काकूंनी ते वर्गात उत्तर ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नियम असेल तर काप," त्या म्हणाल्या. "पण आधी पलीकडे सांगून ये. मला सांगता यायचं नाही, आमचा अबोला आहे."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि भांडी वाजवायला लागल्या. ताई तशीच जमिनीवर बसून राहिली. नळवाला मंगळवारी येणार. दार उघडं ठेवलं तर तिकडेही जाईल. निळ्या झाकणाचं मलम. आता तिला सगळं लख्ख दिसलं. लेकी बोले सुने लागे, ही रीत जगाला माहीत आहे. ह्या घरात लेकीला बोललेलं रोज दुपारी जावेला लागत होतं, आणि टोमण्यासाठी नव्हे.

पलीकडचं दार धाकट्या काकूंनी लगेच उघडलं, जणू दाराशीच उभ्या होत्या. लहानखुऱ्या, चपळ, नोकरीभर दवाखान्यात औषधं दिलेल्या. ताईला आत घेतलं, पाणी दिलं. भिंतीपाशी एक खुर्ची होती, खुर्चीशेजारी स्टुलावर जुना काळा फोन. थोरल्या काकूंना खिडकीच्या आपल्या दारातून हात घालून घेता येईल अशा बेताने कट्ट्यावर एक मलमाची ट्यूब ठेवलेली होती, निळ्या झाकणाची. ट्यूब नवी होती.

ताईची नजर फोनवर खिळलेली पाहून धाकट्या काकूच म्हणाल्या, "चोरून नाही हो ऐकत मी. ती सांगते, मी ऐकते. फक्त आम्ही बोलत नाही, एवढंच."

मग त्यांनी रिसीव्हर उचलून दाखवला. बोलायच्या बाजूचं झाकण फिरवून काढलं. आत आवाज पकडणारी चकती असते, तिची जागा रिकामी होती. त्यांनीच ती कधीची काढून टाकली होती, आपला खोकला तिकडे जायला नको म्हणून. भांडण कशावरून झालं, असं ताईने विचारलं. खिडकीचं कुठलं दार कुणाकडे जावं यावरून सुरू झालं होतं, पुढचं काही नीट आठवत नाही, असं त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी पदराने पुसलं.

ताईच्या हातातला कटर त्यांनी मघाच पाहिला होता.

"कापायचीच असेल तर उद्या कापाल का?" त्यांनी विचारलं. "आज पोरीच्या तपासणीचा निकाल यायचाय. मी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय तिला. आजचं तेवढं ऐकू द्या."

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून थोरल्या काकूंचा फोन फिरवण्याचा आवाज आला. धाकट्या काकू खुर्चीवर बसल्या, रिसीव्हर उचलला, डोळे मिटले. ताईला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता चेहरा दिसत होता. भुवया जवळ आल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. मग हळूहळू सुटल्या आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ताईकडे पाहून मान डोलावली, सगळं ठीक आहे म्हणून. भिंतीपलीकडे थोरल्या काकू अजून बोलतच होत्या, आणि एकच गोष्ट दोनदा सांगत होत्या, म्हणजे कुणाचं काही निसटायला नको.

कटर वापरला असता तर ताईला कुणी नावं ठेवली नसती. नियम तिच्या बाजूला होता, दोघी जावांनीही नाही म्हटलं नव्हतं. आणि तिला तार कापावीशी वाटत होती, हे खोटं कशाला सांगा, अगदी मनापासून वाटत होती. तिच्या साऱ्या वर्षांचा तो प्रश्न होता. ती उठली, पिशवीत हात घातला, कटर आत टाकला आणि फिल्टर बाहेर काढला. फोन झाल्यावर तो धाकट्या काकूंच्या फोनला लावून दिला. आता त्यांनी रिसीव्हर उचलला तरी मोडेम पडणार नव्हता. फांदी मात्र राहिली आणि तिच्याबरोबर खड्डाही. त्या आठवड्यात तिचा मोडेम त्या घरात एकदाही पडला नाही, पण चालला बैलगाडीच्या चालीने. तिने आकडा जसा आला तसा लिहिला, आणि खाली "तारेला फांदी आहे" हेही लिहिलं.

बैठकीत मोठ्या साहेबांनी नेमकं तेच पकडलं. फांदी सापडली तर कापली का नाही, असं त्यांनी विचारलं, आणि कापून पुन्हा मोजा, असंही म्हणाले. अखंडवाल्यांचे चेहरे उजळले. ताई उभी राहिली.

"कापून मोजलं तर मी जिंकेन, साहेब," ती म्हणाली. "पण ते त्या घरात जिंकल्यासारखं होणार नाही. लोकांच्या घरी अशा तारा असतात. काही विसरलेल्या असतात, काही मुद्दाम ठेवलेल्या. माझ्या यंत्राला त्या कापाव्या लागतात. दुसऱ्या यंत्राला त्यांना विचारून चालता येतं."

ती दुसऱ्या यंत्राला चिंधी म्हणाली नाही, हे खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात आलं. चिंधीदादा खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होता. टोक झालं तरी करतच राहिला.

निर्णय व्हायचा तो झाला. एक्स्चेंजमध्ये पट्ट्यांची यंत्रं बसणार असं ठरलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं तिची माणसं तिच्या तोंडावर म्हणाली, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. ताईला वाईट वाटलं. दाखवायला नव्हे, खरोखरच, जेवण जाऊ नये इतकं वाईट वाटलं. ज्या टेबलावर तिने आपलं यंत्र कितीदा उघडलं आणि मिटलं, ते टेबल तिने रिकामं केलं, आणि रिकाम्या टेबलासमोर बसून राहिली. घरी मुलीने ट्रकाबद्दल विचारलं नाही, तेही तिला जाणवलं.

काही दिवसांनी ती आपला मोडेम परत आणायला त्या घरी गेली. थोरल्या काकूंकडे नवं यंत्र छान चाललं होतं. पडद्यावर लेक दिसायची, हसायची, हात हलवायची. ताईने विचारलं की मग आता दुपारचा फोन बंद केला असेल ना? काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं जसं वर्गात उत्तर न आलेल्या मुलाकडे पाहावं.

"पडद्यावर चेहरा दिसतो गं," त्या म्हणाल्या. "पण पलीकडे ऐकू जात नाही."

ताई मोडेम काखेत मारून बाहेर पडली. पलीकडच्या दारातून हळूच हाक आली. धाकट्या काकू उंबऱ्यावर उभ्या होत्या, आणि जे विचारायचं होतं ते विचारायला त्यांना बराच वेळ लागला. आधी फिल्टर चांगला चाललाय म्हणाल्या. मग हवेबद्दल काहीतरी म्हणाल्या. शेवटी आवाज खाली करून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही कटर घेऊन आलात ना, तेव्हापासून झोप नाही नीट. तार गेली असती तर राहूनच गेलं असतं." आणि मग, "फोनच्या तोंडात ती चकती असते, तशी एखादी मिळेल का तुमच्याकडे?"

जुन्या फोनच्या चकत्या आता बाजारात मिळत नव्हत्या. त्या कुठे आहेत, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. एके काळी दोघांनी मिळून मोडक्या फोनचे सुटे भाग एका डब्यात जमवले होते, आणि तो डबा कपाटात होता. कपाटाची पाठ तिच्याकडे होती, दारं त्याच्या बाजूला उघडत.

ऑफिसात सगळे जागेवर होते. ताई कपाटाला वळसा घालून चिंधीदादाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"एक चकती हवी होती," ती म्हणाली. "आपल्या डब्यातली."

चिंधीदादाने सवयीने आधी कपाटाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग त्याला कळलं की ती त्याच्याकडेच बघते आहे. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"कशाला?" त्याने तिला विचारलं.

"बोलायला," ताई म्हणाली.